शिरोड्याची पिल्लं

आवेल तेलाचा वास ज्याला ठाऊक नाही त्याला हा भाग कसा सांगायचा, हाच माझा पहिला पेच आहे. बाजारात बाटलीतून मिळतं ते खोबरेल वेगळं. आमच्या काकीचं तेल ओल्या नारळाच्या रसाचं. ती नारळ खवणून, वाटून, पिळून रस काढायची आणि पितळी टोपात मंद आचेवर सकाळीच चढवून ठेवायची. दुपारपर्यंत घरभर असा वास सुटायचा की शेजारपाजारच्या बायका काहीतरी निमित्त काढून आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन बसायच्या. तेल वर यायचं, तळाला तपकिरी चोथा उरायचा, आणि तो गुळाबरोबर खायला मिळावा म्हणून मी चुलीपुढून हलत नसे. ते तेल रोज माझ्या टाळूवर, केसांत, कानांत, कोपरांवर, टाचांवर जिरायचं. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या वह्यांनासुद्धा तुझ्या काकीचा वास येतो. मला त्यात काही वावगं वाटत नसे. काकीला एक वास आहे आणि तोच मला आहे, याहून जास्त विचार मी कधी केला नव्हता.

आईवडील मुंबईला आणि मी मालवणच्या किनाऱ्यावर, हे कसं झालं ते थोडक्यात सांगते. लहानपणी मुंबईची हवा मला मानवेना. सारखा खोकला, सारखा ताप. तेव्हा वडिलांनी मला गावी आपल्या थोरल्या भावाकडे आणून ठेवलं, 'थोडे दिवस' म्हणून. आमच्याकडे थोडे दिवस फार लांब असतात. खोकला पहिल्याच वर्षी गेला, मी मात्र राहिले. दर मे महिन्यात आई माझ्या दोन धाकट्या भावांना घेऊन यायची, पावसाच्या तोंडावर परत जायची, आणि तिला पोचवून आल्यावर मी काकीच्या हातची पेज जेवायला बसायची. अशी मी तेरा वर्षांची झाले. त्या वर्षी वडिलांना मुंबईत मोठी जागा मिळाली होती आणि ठरलं होतं की या मे महिन्यात आई परत जाईल ती मला घेऊनच. पुढची शाळा तिकडे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही त्याबद्दल बोलत नव्हतं. मला जायचं होतं का? शाळेत मी मैत्रिणींपुढे दोन मजली बसच्या बाता मारत होते आणि घरी आल्यावर गुरांच्या वाड्यात जाऊन रडत होते. दोन्ही खरं होतं. मला कुणी विचारलं नाही हे एका परीने बरंच झालं, कारण काय सांगितलं असतं ते मला आजही माहीत नाही.

काकीला मूल झालं नव्हतं. हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही. मी होते ना, मग कोण कशाला उच्चारील? काका रापणीवर जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या वाडीने मिळून ओढायचं मोठं जाळं. पण काकांचं नाव होतं ते फाटलेलं जाळं विणून देण्यात, आणि लांबलांबून लोक त्यांच्याकडे जाळी पाठवायचे. बोलायचे कमी, आणि बोलले की कुणाची तरी थट्टा. काकी माहेरची शिरोड्याची. तेव्हा घरात दूध नासलं, कढी फुटली, कोंबडं हरवलं की काका जाळ्यातून मान वर न करता म्हणायचे, "शिरोडकरणीचो गुण." काकी उत्तर देत नसे. रात्री त्यांच्या ताटात माशाचं शेपूट पडायचं, एवढंच उत्तर.

मेच्या आधीची गोष्ट. शिरोड्याहून काकीच्या भावाने, म्हणजे आमच्या शिरोड्याच्या मामांनी, एक जुनं जाळं दुरुस्तीला पाठवलं. बर्फाचा टेम्पो मालवणला यायचा त्याच्या टपावर बांधून. काकांनी तो गठ्ठा खळ्यात टाकला आणि दुपारची झोप झाल्यावर उलगडायला घेतला. उलगडता उलगडता थांबले आणि काकीला हाक मारली. आम्ही दोघी धावलो. जाळ्याच्या आतल्या वळकटीत तीन पिल्लं होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, उंदरांहून जरा मोठी. टेम्पोच्या टपावरून, उन्हातून, वेंगुर्ल्याच्या घाटवळणांवरून ती आली होती आणि तरी जिवंत होती. एक तांबूस, एक काळंपांढरं बांडं आणि एक अगदी चिमुकलं, राखाडी.

खळ्यात बायका जमल्या आणि जितकी तोंडं तितकी मतं झाली. एक म्हणाली, आईने टाकलेलीच असणार, मांजरीला कळतं कुठलं पिल्लू जगायचं नाही ते. दुसरी म्हणाली, टाकते कशाला, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे तिचं तिसरं नाहीतर चौथं घर असेल. तिसरी म्हणाली, आता काही उपयोग नाही, माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही. काका म्हणाले, "सात घरां फिरवता खरा. पण टेम्पोत घालून नाय." सगळ्या हसल्या. काकी हसली नाही. तिने तिन्ही पिल्लं उचलून पदरात घेतली होती आणि त्यांच्याकडे अशी बघत होती की कुणी काही विचारलंय आणि उत्तर आपल्यालाच द्यायचंय. मग ती आत गेली, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बांबूच्या रोवळीत घातला आणि पिल्लं चुलीच्या उबेला ठेवली. ठेवायची की नाही यावर बोलणं झालंच नाही.

हल्ली माझी नात फोनवर मला दाखवते, बिनआईच्या पिल्लांना कसं वाढवतात ते. त्यांचं वेगळं दूध मिळतं, भुकटीचं, इवलीशी बाटली मिळते. मुलं कशी हातमोजे घालून पाजत असतात. आम्हाला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की तान्ह्याला दूध लागतं, ऊब लागते आणि तेल लागतं. गाईचं दूध पाणी घालून पातळ केलं. कापसाची वात त्यात बुडवून तोंडाला लावली. तांबूस पिल्लू पहिल्यांदाच चोखायला लागलं, बांड्याला जरा शिकवावं लागलं, राखाडी मात्र वात तोंडात धरायचं आणि तसंच झोपायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याचं पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि दुपारच्या आत ते गेलं. काकांनी ते माडाच्या आळ्यात पुरलं. काकी त्या दुपारी जेवली नाही. मी जेवले. मला बांगड्याच्या तिखल्याचा वास आला आणि भूक लागली, आणि जेवता जेवता रडू आलं, आणि दोन्ही एकदम कसं काय होतं हे मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून काकीने पिल्लांचा ताबा घरच्या रितीने घेतला. न्हाणीपाशी पाटावर बसून तिने पाय लांब पसरले, बाळंतघरी न्हाऊ घालणारी बाई बसते तशी, आणि पिल्लांना नडग्यांवर आडवं घातलं. मग आवेल तेल. डोक्याला, पाठीला, पोटाला, चारी पायांना, कानांमागे. मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पोट पुसायचं. मग निखाऱ्यावर ओवा आणि लसणीच्या साली टाकून धुरी. शेवटी कपाळाला काजळाची तीट. बांड्याचं कपाळ काळंच होतं, तरी तीट लावायचीच. फडकं पोटावरून फिरलं की दोघंही काकीच्या पायांवर मुतायची आणि पोटं मऊ व्हायची. शेजारणीकडून शेळीचं दूध आणायला लागलो. पिल्लं वाढायला लागली. काकी म्हणाली, तेलाने जगली. मीही वाडीभर सांगत सुटले की आमची पिल्लं तेलावर वाढताहेत. पुढे कितीतरी वर्षांनी गुरांच्या एका डॉक्टरला ही हकीकत सांगितली तेव्हा तो कपाळाला हात लावून हसला. म्हणाला, आई जिभेने चाटते म्हणून पिल्लांना लघवी होते, ते काम त्या फडक्याने केलं. तेलाने ती मेली नाहीत हे नशीब समजा. काकी तोवर गेली होती. असती तरी मी तिला हे सांगितलं नसतं.

डोळे उघडले तेव्हा दोघांचेही निळे. काकांनी बारसं केलं, तांबूस ती थोरली शिरोडकरीण आणि बांडी ती धाकटी. "घरात एक होती ती काय कमी होती," असं म्हणायचे, आणि जाळं विणता विणता दोघींना मांडीवर घेऊन बसायचे. त्या मे महिन्याच्या तोंडावर आमचं घर म्हणजे आवाजांचंच घर झालं होतं. समुद्राची गाज होतीच, माडांची चुडतं सळसळत होती, खळ्यात कोकमं सुकत घातलेली त्यावर कावळे यायचे आणि काकी हाकलायची, आणि या सगळ्यातून ती दोन बारीक म्याँव. शाळेतून येताना पाणंदीच्या टोकालाच मला ती ऐकू यायची. खरं म्हणजे एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. पिल्लं माझ्या पायांवर चढायची, काकीच्या पदरात शिरायची. पण काकांनी शिरोड्याचं ते जुनं जाळं हलवलं की दोघीही होत्या तिथून माना वळवायच्या आणि नाक वर करून हुंगायच्या. ते मला आवडत नसे. मी काकांना सांगितलं की ते जाळं लवकर विणून परत पाठवून द्या. ते म्हणाले, "तुझा काय घोडा मारल्यान त्या जाळ्यान?" 

मग तो निरोप आला. बर्फाच्या टेम्पोवाल्याने आणला. मामांनी सांगितलं होतं की जाळं उचललं तेव्हा एक पिल्लू त्यांच्या मांगरातच, म्हणजे बागेतल्या खोपीतच, राहिलं होतं. मांजरी त्या एकाला तोंडात धरून जागा बदलतेय, त्याला पाजतेय, आणि जाळं होतं त्या कोपऱ्यात रोज येऊन ओरडतेय. बाकीची तुमच्याकडे आली काय, असं मामांनी विचारलं होतं. म्हणजे टाकलेली नव्हती. आम्हीच आणली होती, नकळत, टेम्पोत घालून. काकी कोकमं फोडत होती. तिचे हात लाल झाले होते. तिने टेम्पोवाल्याला सोलांचं सरबत दिलं, बसायला सांगितलं, शिरोड्याच्या पावसापाण्याची चौकशी केली आणि पिल्लांबद्दल एक अक्षर काढलं नाही.

त्यानंतर रोज उद्या. पिल्लं पोचवायला उद्या जाऊ, असं काकी म्हणायची आणि उद्या सुकटीला ऊन द्यायचं असायचं, परवा डोकं दुखायचं, तेरवा एसटीला गर्दी असते म्हणे. मला आनंद होत होता आणि तो आनंद नीट बसत नव्हता. दुपारी शाळेतून येऊन पिल्लं जागेवर आहेत बघितलं की हायसं वाटायचं, आणि लगेच तो मांगरातला कोपरा डोळ्यांपुढे यायचा.  काका एकदाच, काकी धुरी देत असताना, विणायची सुई थांबवून म्हणाले की तिकडे एक बाई रोज येऊन बघून जाते म्हणतात. काकीने निखाऱ्यावर जरा जास्तच ओवा टाकला. घरभर धूर झाला आणि सगळ्यांनाच खोकला आला.

मुंबईहून कळलं की आई शनिवारी सकाळी पोचते. शुक्रवारी सकाळी मी उठले तर काकी चांगलं लुगडं नेसून तयार. पिल्लं रोवळीत, वर फडकं बांधलेलं. मला म्हणाली, चल. मी म्हटलं की ती आता आपली आहेत, आपण जगवली, ती एक पिल्लू घेऊन बसलीय ना, तिला कशाला हवीत? मी बरंच काही बोलले. काकीने रोवळी कमरेवर घेतली आणि म्हणाली, "जिचां तिका देवचा, बाय."

हे ती पिल्लांबद्दल बोलत होती. मला तेव्हाही ते ठाऊक होतं. तरी एसटीत मी तिच्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर जाऊन बसले. वेंगुर्ल्याला गाडी बदलली. कंडक्टरने रोवळीत काय म्हणून विचारलं तर काकी शांतपणे म्हणाली, माहेराक जातंय, दोन चेडवा आसत. दोन मुली म्हटल्यावर तो हसून पुढे गेला.

मामांचा मांगर समुद्राच्या अंगाला, माडांच्या बागेत. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मामांनी मांजरीची वाट बघायला सांगितलं आणि ती आलीच. तांबूस, बरगड्या दिसणारी, सड सुजलेले. काकीने रोवळी जमिनीवर ठेवून फडकं सोडलं आणि आम्ही मागे सरलो. मांजरी दबकत जवळ आली. मान लांब करून तिने थोरलीला हुंगलं. मग धाकटीला. आणि कान मागे पाडून फिस्कारली. पाठ फुगवून मागे सरली, लांब जाऊन बसली आणि ओरडायला लागली. समोर पिल्लं होती आणि ती पिल्लांनाच हाका मारत होती. मला काहीच समजेना. मामा म्हणाले बहुतेक विसरली. मामी म्हणाल्या, माणसाचा हात लागला, मी सांगत होते. पिल्लं रोवळीच्या काठावर पाय देऊन मागे, आमच्याकडे येऊ बघत होती.

काकी पुढे झाली. तिने थोरलीला उचललं आणि तिचं डोकं नाकापाशी नेलं. मग स्वतःच्या तळव्याचा वास घेतला. असं पुन्हा एकदा केलं.

"माझो वास येता तेंका," ती म्हणाली.

 तिने मामींकडे कोमट पाणी आणि डाळीचं पीठ मागितलं. बाळाच्या अंगाचं तेल काढायला लावतात तसं पीठ कालवून ती मांगराच्या उंबऱ्यावर बसली, पाय पसरले, आणि त्या दोघींना नडग्यांवर घेऊन चोळायला लागली. पोट, पाठ, पाय. जे रोज लावलं होतं ते सगळं काढत होती. तीट पुसली. पिल्लं किंचाळत होती आणि काकीचं तोंड असं घट्ट मिटलेलं होतं की मला तिची भीती वाटली. मी पाणी ओतत होते. धाकटीच्या कानांमागे तेल तसंच चकाकत होतं. मी म्हटलं, काकी, कानामागे राहिलंय. तिने बोट तिथपर्यंत नेलं आणि थांबली.

"ऱ्हवांदे," म्हणाली. "तितक्यान काय तिका कळाचा नाय."

मग कोपऱ्यात पडलेल्या दुसऱ्या एका जुन्या जाळ्याचा तुकडा घेऊन तिने दोघींना त्यातच पुसलं, त्यातच गुंडाळलं आणि मांजरी रोज येऊन ओरडायची त्या जागी ठेवलं. आम्ही पडवीच्या अर्ध्या भिंतीआड जाऊन बसलो. मांजरी फार वेळ आली नाही. मग आली. जाळं हुंगलं, जाळ्यातून बाहेर आलेलं नाक हुंगलं. कितीदा हुंगलं. आणि एकदम थोरलीच्या कपाळावर, तीट होती तिथे, चाटायला लागली. काकीने माझं मनगट धरलं होतं ते मला दुखायला लागलं. मांजरीने थोरलीला मानेला धरून उचललं आणि कुंपणातून पलीकडच्या माडांच्या बागेत गेली.

आता धाकटीसाठी येईल. मांजर एकावेळी एकच नेते हे कुणालाही ठाऊक असतं. आम्ही वाट बघत राहिलो. धाकटी जाळ्यात एकटी ओरडत होती. मामींनी चहा आणला तो तसाच राहिला. मामा रस्त्याकडे बघत होते, कारण शेवटची गाडी गेली असती तर आम्हाला राहावं लागलं असतं आणि सकाळी आई येऊन पोचली असती ती मी नसलेल्या घरात. कुंपणावर कावळे बसायला लागले. शेजारचा कुत्रा एकदा येऊन गेला. मामा म्हणाले, तुम्ही निघा, मी लक्ष ठेवतो. वळणावर गाडीचा भोंगा वाजला. काकी निघाली, कुंपणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत गेली, परत आली. जाळ्यातून धाकटीला काढून तिने पदरात घातलं आणि आम्ही धावतच गाडी गाठली.

 गाडीत मी विचारलं की आता मांजरी परत आली तर? काकी म्हणाली, येईल. मग मी विचारलं, आणि आली नसती तर? तिने पदरातल्या पिल्लावर हात ठेवला. "माका कळला नाय, बाय," ती म्हणाली. "माका कळलाच नाय." एवढं मोठं माणूस असं बोलतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला डाळीच्या पिठाचा वास येत होता.

घरी काका दारातच होते. "शिरोडकरणी परत इल्यो?" असं म्हणाले, मग पदरात एकच पाहिली आणि पुढे काही विचारलं नाही. नंतर मामा म्हणायचे की मांजरी आली होती, रिकाम्या जाळ्याभोवती फिरून गेली. मामी म्हणायच्या, छे, आलीच नाही, मी तिथेच होते. दोघेही शपथेवर सांगायचे. मला दोघांचंही खरं वाटायचं. आज म्हातारपणी तर मी दिवसाप्रमाणे बाजू बदलते. तब्येत बरी असली की ती आली नव्हती. नसली की आली होती.

शनिवारी आई आली. तिने माझ्यासाठी फ्रॉक आणला होता, तो मला तोकडा झाला. मागच्या मे महिन्यातल्या मला तो बरोबर बसला असता. तो हातात धरून ती अशी उभी राहिली की मला तिची दया आली, आणि मी म्हटलं की घरात घालायला चालेल. आई वाईट नव्हती. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण ही हकीकत ऐकणारे तिच्यावर रागावतात. तिने मला टाकलं नव्हतं, ठेवलं होतं, आणि दर वर्षी ती आपलं ठेवलेलं बघायला यायची. त्या दिवसांत एकदा ती माझे केस विंचरायला बसली. वेणी सारखी सुटायची. ती हसून म्हणाली, "किती गो हे तेल, हातात केस ठरत नाहीत." सहज म्हणाली. काकी पलीकडे फणसाचे गरे काढत होती. तिने मान वर केली नाही.

जायचा दिवस आला तेव्हा धाकटी चांगली उड्या मारत होती आणि माझे भाऊ तिच्यामागे धावत होते. गाडी दुपारची. सकाळी काकीने मला न्हाणीपाशी पाटावर बसवलं. शिकेकाई आणि रिठे उकळून ठेवले होते. तिने माझे केस धुतले. मला वाटलं झालं, मी उठायला लागले तर खांद्यावर दाबून खाली बसवलं. पुन्हा धुतले. डोळ्यांत शिकेकाई गेली, मी ओरडले, तिने पाणी मारलं आणि पुन्हा चोळायला लागली. मग वाकून तिने माझ्या टाळूचा वास घेतला. आणि तिसऱ्यांदा शिकेकाई लावली. तेव्हा तिच्या बोटांवरून मला कळलं. ही बोटं अशी फिरताना मी पाहिली होती, मांगराच्या उंबऱ्यावर, मीच पाणी ओतत होते. मला तिचा भयंकर राग आला. मला म्हणायचं होतं, नको काढू. मला विचारायचं होतं, तू मला पोचवते आहेस की सोडते आहेस?  पण मी डोळे मिटून बसले आणि शिकेकाईच्या नावाखाली रडून घेतलं.  काकीने केस पुसले, मोकळे सोडले, आणि चुलीकडे जाऊन वाटेत खायला घावणे बांधायला लागली.

पोचवायला काका आले. काकी खळ्यातच उभी राहिली, धाकटीला कडेवर घेऊन, कारण ती गाडीमागे धावली असती म्हणे.

कसालच्या पुढे हमरस्ता लागला तशी आईने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. टाळूवर नाक टेकवलं आणि हळूच वास घेतला. मी श्वास रोखून बसले होते, मला खरोखर वाटलं होतं की आता ती मागे सरेल. ती सरली नाही. तिने मला आणखी जवळ घेतलं आणि डोळे मिटले. मला ते आवडलं. ते आवडलं याचं मला इतकं वाईट वाटलं की काय करावं सुचेना, म्हणून उगाच कान खाजवला. बोट बुळबुळीत लागलं. नाकाशी नेलं. मग आईला जाग येणार नाही अशा बेताने दुसऱ्या कानामागे बोट नेऊन पाहिलं. तिथेही होतं, दाट, केसांच्या मुळापर्यंत. विसरून राहिलं असतं तर एका कानामागे राहिलं असतं. मी ती दोन्ही बोटं मुठीत धरली, आणि खारेपाटण मागे पडलं तरी मूठ उघडली नाही.